बारा तासांची कचेरी आणि शरीराचा हिशेब

आपल्या वस्त्यांतली बरीच मुलंमुली आता बँकेत, फायनान्स कंपनीत, सीएच्या ऑफिसात, नाहीतर परदेशी बँकांचे हिशेब इथे बसून सांभाळणाऱ्या कचेऱ्यांत कामाला जातात. आई चार घरची धुणीभांडी करणारी, वडील सफाई खात्यात किंवा नाक्यावर, आणि मुलीच्या गळ्यात आयकार्ड. घराला त्याचा अभिमान वाटतो, तो वाटायलाच हवा. पण आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजायला बसलो की आम्हाला त्या आयकार्डाची दुसरी बाजूही दिसते. अठ्ठावीस-तीस वर्षांची मुलं येतात, डोळ्यांखाली काळं, पोट सुटलेलं, ॲसिडिटीची गोळी खिशात, आणि यंत्रावरचा आकडा पन्नाशीच्या माणसाचा. काय काम करतोस विचारलं की उत्तर ठरलेलं, "बसूनच असतं ताई, त्रासाचं काही नाही."

बसून केलेल्या कामाला आपल्याकडे कष्ट समजत नाहीत, कारण गोणी उचलणाऱ्याच्या घामासारखा हा थकवा दिसत नाही. पण काम बसून असो की उभं राहून, त्याला तास लागतात आणि ते तास शरीरातूनच निघतात.

या धंद्यात तास का वाढतात, ते आधी पाहू. प्रत्येक नोकरीत कारण वेगळं आहे.

सीएच्या ऑफिसात तारखांचं राज्य असतं. जुलैअखेर विवरणपत्रं, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, मार्चअखेर वर्षाचा हिशेब. काम वर्षभर सारखं नसतं, पण माणसं मात्र कमी कामाच्या दिवसांच्या मापाने ठेवलेली असतात. मग गर्दीच्या दोन-तीन महिन्यांत तीच चार पोरं रात्री बारापर्यंत बसतात. परदेशी बँकांच्या कचेऱ्यांत घड्याळच दुसऱ्या देशाचं. न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. तो बंद होतो रात्री दीड किंवा अडीचला. त्यानंतरची मेळजुळणी करून घरी यायचं म्हणजे वस्तीतल्या नळाला पाणी यायची वेळ. बँकेच्या शाखेत आणि विमा-कर्ज विकण्याच्या कामात टार्गेट. तिथे तास कुणी मोजत नाही, आकडा मोजतात. आकडा पुरा झाला नाही तर संध्याकाळी साहेबाचा व्हिडिओ कॉल, सगळ्यांसमोर.

आणि हप्ता गोळा करणारा पोरगा. त्याला आपल्या बायका चांगलं ओळखतात. गटाच्या मीटिंगला सकाळी दारात हजर असतो, हप्ता चुकला की तगादा लावतो, त्याचा राग येतो. रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला वेळेचं संरक्षण दिलेलं आहे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, आणि गटाचं सूक्ष्मकर्ज असेल तर सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर तगादा लावायचा नाही. हा नियम प्रत्येक बाईला माहीत असला पाहिजे. पण सहाला आपलं दार सोडल्यावर तो पोरगा घरी जात नाही. शाखेत जाऊन पैसे भरायचे, नोंदी करायच्या, थकलेल्यांची यादी लिहायची, उद्याचे कागद लावायचे. कर्जदाराला घड्याळ आहे, वसुली करणाऱ्याला नाही. तोही कुठल्यातरी वस्तीतलाच मुलगा असतो, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं समजायला सोपं जाईल.

सर्वात वरच्या पायरीवर, मोठमोठ्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणाऱ्या बँकांत, पगार लाखांत असतो पण तास सर्वात वाईट. २०१३ साली लंडनमध्ये अशा एका बँकेत उमेदवारी करणारा २१ वर्षांचा विद्यार्थी खोलीत मरण पावलेला सापडला. त्याला अपस्माराचा त्रास होता, मृत्यू झटक्याने झाला, आणि अतिथकव्याने तो झटका आला असू शकतो असं चौकशीत म्हटलं गेलं. त्यानंतर २०१५ मध्ये दुसऱ्या एका बड्या बँकेने उमेदवारांसाठी नियम काढला, तो काय तर मध्यरात्रीच्या आत ऑफिस सोडा आणि सकाळी सातच्या आधी येऊ नका. म्हणजे सतरा तास चालतील! २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित बँकेच्या पहिल्या वर्षाच्या १३ कर्मचाऱ्यांनी आपल्यापुरती पाहणी करून वरिष्ठांपुढे ठेवली. सरासरी आठवड्याला ९५ तास काम, रात्रीची झोप पाच तास. ९५ ला सातने भागून पाहा. रविवार धरून रोज साडेतेरा तास होतात. पाच तास झोप वजा केली तर जेवण, अंघोळ, प्रवास, आई-बापाशी बोलणं या सगळ्याला मिळून रोजचे साडेपाच तासही उरत नाहीत. २०२४ मध्ये तिथल्या एका बँकेतल्या तरुणाच्या मृत्यूनंतर पुन्हा आरडाओरड झाली आणि अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या बँकेने कनिष्ठांचे तास बांधून दिले, आठवड्याला ८०.

ते परदेशातलं, असं म्हणून सोडता येत नाही. त्याच २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात २६ वर्षांची एक सीए मुलगी नोकरीला लागून चार महिने झाले असताना गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, ते सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. कामाच्या ओझ्यानेच मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केलं नाही. पण पुढे कामगार खात्याने पाहणी केली तेव्हा एक गोष्ट बाहेर आली. त्या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, आणि ऑफिस अनेक वर्षं चालू होतं. रस्त्यावर वडापावची गाडी लावणाऱ्याकडे रोज कागद मागितले जातात, आणि काचेच्या इमारतीत कुणी विचारायला जात नाही.

आता शरीरात काय होतं ते सांगतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. एकट्या २०१६ साली जगभरात लांब तासांमुळे ७ लाख ४५ हजार माणसं या दोन आजारांनी गेली, असा त्यांचा अंदाज आहे. ५५ तास म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात रोज नऊ तासांच्या किंचित वर. सकाळी दहाला जाऊन रात्री आठला सुटणारा आपला मुलगा, जेवणाची सुट्टी वजा केली तरी, त्या रेषेवरच उभा आहे. वांद्र्याच्या बीकेसीतून बदलापूर-टिटवाळ्याला येण्या-जाण्याचे तीन तास यात धरलेलेच नाहीत.

हे का होतं? ताण आला की शरीर पळायला किंवा भिडायला तयार होतं. हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तात साखर सोडली जाते. रानात वाघ समोर आला तर ही फार कामाची व्यवस्था. पण इथे वाघ म्हणजे साहेबाचा मेसेज, तो दिवसातून चाळीस वेळा येतो आणि माणूस खुर्चीतून हलत नाही. सोडलेली साखर वापरली जात नाही, आवळलेल्या वाहिन्या सैल व्हायला फुरसत मिळत नाही. रात्री झोपेत रक्तदाब उतरतो, तीच हृदयाची विश्रांती. झोप पाच तासांवर आली की ती विश्रांती कापली जाते. झोप कमी झाल्यावर भूकही वाढते, आणि ती भूक गोड-तेलकटाची असते. रात्री साडेअकराला वडा-समोसा किंवा ऑनलाइन मागवलेली बिर्याणी, मग लगेच आडवं होणं. छातीत जळजळ होते ती यातून. त्यावर सकाळी रिकाम्या पोटी चहा. दिवसाला सात-आठ कटिंग होतात, प्रत्येकात चमचाभर साखर. शिवाय चहा-कॉफीतलं उत्तेजक द्रव्य शरीरातून निम्मं कमी व्हायलाच साधारण पाच तास घेतं. रात्री नऊची कॉफी रात्री दोनलाही डोळ्यांत असते.

आपल्याकडे, म्हणजे भारतीय उपखंडातल्या लोकांत, हृदयविकार गोऱ्या लोकांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर येतो. म्हणून "अजून तिशीच आहे" हे सांत्वन आपल्याला परवडत नाही.

रात्रपाळीबद्दल आम्ही नर्स लोक अनुभवाने बोलू शकतो. दिवसा कितीही झोपलं तरी ती रात्रीची झोप होत नाही, आणि वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा झोप म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही आणि पत्र्याचा तापलेला छप्पर. वर्षानुवर्षं रात्रपाळी बहुधा कर्करोगाचा धोका वाढवते, असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये केलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून कायम ठेवलं. घाबरून नोकरी सोडा असा त्याचा अर्थ नाही. जिथे पाळी बदलून मिळते तिथे ती मागून घ्यावी, आणि घरच्यांनी त्या झोपेला रात्रीच्या झोपेचा मान द्यावा.

मोटरसायकलवर हप्ते गोळा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सलग सतरा ते एकोणीस तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका किंवा त्याहून वाईट होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवायला मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठलेला निर्व्यसनी पोरगा रात्री साडेदहाला शाखेतून गाडीला किक मारतो तेव्हा त्याची अवस्था पोलीस पकडतील अशा माणसाची असते, फक्त तोंडाला वास नसतो. अशा रात्री गाडी शाखेत ठेवून बसने यावं किंवा शाखेतच दोन तास पडावं. आईने "कुठे राहिलास" म्हणून दर पाच मिनिटांनी फोन करू नये, कारण तो चालत्या गाडीवर उचलला जातो.

दुखणं कधी साधं नसतं ते ओळखायला हवं. आम्ही सर्वात जास्त घात पाहिला तो "ॲसिडिटी आहे" या शब्दाने. छातीच्या मध्ये दाब, जडपणा, आवळल्यासारखं वाटणं, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं, सोबत दरदरून घाम, मळमळ, दम लागणं. असं काही मिनिटं राहिलं की सोडा पिऊन वाट बघायची नाही. बायकांत छातीचं दुखणं नसतानाही नुसता दम, उलटी आणि विलक्षण थकवा असू शकतो, आणि बाई म्हणते भांडी घासून मग पडते. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात वर न राहणं, बोबडी वळणं ही पक्षाघाताची खूण. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण किती वाजता सुरू झालं ते घड्याळात पाहून ठेवावं आणि दवाखान्यात पहिलं तेच सांगावं. १०८ ला फोन करावा. बाहेरची बाधा, नजर, वारं गेलं यात गेलेला तास परत मिळत नाही.

मनाचं दुखणं याहून अवघड, कारण त्याला यंत्र नाही. चिडचिड, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा, फोन वाजला की दचकणं, आवडतं काही आवडेनासं होणं, रात्री क्वार्टरशिवाय झोप न येणं. दारूने डोळा लागतो पण झोप तुटक होते, आणि दुसऱ्या दिवशीचं ओझं दुप्पट. "मेलो तर सुटेन" असं कुणी हसत बोललं तरी ते हसण्यावारी नेऊ नये, त्याला एकटं सोडू नये, आणि सरळ विचारावं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

इथे घराची गोष्ट येते. ज्यांच्या मागे शेत, घर, मामा-काकांची ओळख असते त्यांना "ऑफिसने छळलं तर राजीनामा फेकून ये" म्हणता येतं. आपल्या मुलांना ते परवडत नाही. तिच्या पगारावर धाकट्याची फी, आजीची औषधं, खोलीचा हप्ता उभा असतो. शिवाय ऑफिसात आडनाव विचारून झालेलं असतं, आणि "कोट्यातली आहे, काम होत नाही" हे ऐकावं लागू नये म्हणून ती दुसऱ्यांपेक्षा दोन तास जास्त बसते. खासगी कचेरीत आरक्षण नाहीच, ती स्वतःच्या गुणांवर लागलेली असते, तरी. हे जादा दोन तास कुठल्याच हजेरीपत्रकात दिसत नाहीत. रात्री घरी आल्यावर पुन्हा भाकऱ्या तिनेच थापायच्या असतील, भाऊ मोबाईल बघत बसणार असेल, तर तिच्या रक्तदाबाला ऑफिसइतकंच घरही कारण आहे. हे आम्ही सभ्य भाषेत सांगत नाही, सरळ सांगतो. कमावत्या मुलीला रात्रीच्या स्वयंपाकातून मोकळं करणं हा औषधोपचार आहे.

तासांचा कायदा काय म्हणतो? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खातं सांभाळत होते. बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याने आणली. ते ४८ आजही आपल्या कायद्यांत आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहा किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी कचेऱ्यांना दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, वरच्या वेळेला दुप्पट दर ठेवला, आणि रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती व घरी सोडण्याची सोय बंधनकारक केली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांत दिवसाचे तास ९ वरून १० करायला मंजुरी दिली, तेव्हा कारा उलटा फिरवण्याची खटपट चालू आहे हे ध्यानात असावं.

कंपन्यांची पळवाट ठरलेली. पहिल्या दिवसापासून मुलाला "असिस्टंट मॅनेजर" किंवा "रिलेशनशिप मॅनेजर" असं नाव द्यायचं, म्हणजे तो कामगार नाही, व्यवस्थापक. घरात पेढे वाटले जातात. पण न्यायालयं हुद्द्याचं नाव पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. हाताखाली कुणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर फॉर्म भरायचे आणि फोन करायचे, तर नाव मॅनेजर असून तो कामगार ठरू शकतो. म्हणून नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, रात्री दहानंतर आलेले कामाचे मेसेज यांच्या प्रती स्वतःच्या फोनमध्ये ठेवाव्यात. येण्या-जाण्याची वेळ रोज एका वहीत लिहावी, तारखेसह. महिनाभराची वही झाली की स्वतःलाच धक्का बसतो, आणि डॉक्टरपुढे, युनियनपुढे किंवा कामगार कार्यालयात तोंडी तक्रारीपेक्षा तिला वजन येतं. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर स्लिपमध्ये ईएसआयची कपात दिसते का पाहावं. दिसत असेल तर कार्ड काढून घ्यावं, घरच्यांचेही उपचार त्यात होतात, आणि आजारपणाच्या रजेत ठरावीक दिवस पगाराचा भाग मिळतो.

उद्यापासून काय करता येईल तेवढंच सांगतो, सगळं जमणार नाही हे माहीत आहे. झोपेची वेळ नाही सांभाळता आली तर उठण्याची तरी रोज एकच ठेवावी. रात्रीचं जेवण ऑफिसातच आठ-साडेआठला डब्यातून उरकावं आणि घरी आल्यावर दूध किंवा फळ. दुपारी तीननंतर चहा बंद, निदान बिनसाखरेचा. फोनवर बोलायचं काम उभं राहून, चालत करावं. स्टेशनवरून घरी रिक्षाऐवजी पायी. ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर रील बघण्यापेक्षा डोळे मिटावेत, वीस मिनिटांची डुलकीही हिशेबात धरली जाते. सुट्टीच्या दिवशी बारापर्यंत लोळून आठवड्याची झोप भरून निघत नाही, पण एक-दोन तास जास्त झोपलं तर मदत होते. पोराला सकाळी सातला पाणी भरायला उठवू नका.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. घरात आई किंवा वडिलांना त्रास असेल तर पंचविशीपासूनच. सरकारी आरोग्यवर्धिनी केंद्रात आणि महापालिकेच्या आपला दवाखान्यात हे फुकट होतं, काही ठिकाणी संध्याकाळीही. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. वेगवेगळ्या दिवशी मोजून आकडा १४० आणि ९० च्या वर येत राहिला तर डॉक्टरांकडे जायचं, आणि गोळी चालू झाली तर बरं वाटतंय म्हणून स्वतःहून थांबवायची नाही. कामावर जाणाऱ्यांना दिवसा दवाखाना जमत नाही, म्हणून ज्या विहारात रविवारी माणसं जमतात तिथे एक डिजिटल यंत्र आणि एक वही ठेवावी. यंत्र वर्गणीतून सहज येतं. मोजायला वस्तीतली एखादी नर्सिंगची विद्यार्थिनी किंवा आशाताई बसवावी, नावापुढे तारीख आणि दोन्ही आकडे लिहावेत, आणि तीन रविवार ज्याचं नाव आलं नाही त्याच्या घरी जाऊन विचारावं की तो आहे कुठे.